वाचून झाल्यावर



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लागला तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने आम्हांला गाठून विचारले, "अहो, बोनस झाला, ग्रॅच्युइटी झाली, आता मुलांच्या पुस्तकांत तुम्ही कशाला शिरता?" प्रश्न रास्त आहे. आमचे शालेय शिक्षण नववीत सुटले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या एका लोखंडी कपाटाने आणि भाईंदरच्या लोकलने केले. तेव्हा शिक्षणशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही, आणि तो आम्ही सांगतही नाही. परंतु कोणी न सांगता वाचणे म्हणजे काय, आणि पुस्तक संपल्यावर त्याचे पुढे काय करावे हे न कळून नुसते बसून राहणे म्हणजे काय, हे आम्हांला चांगले ठाऊक आहे. तेवढ्याच शिदोरीवर आज बोलायचे आहे.

शाळेत या वाचनाला ‘अवांतर वाचन’ म्हणतात. अवांतर म्हणजे मुख्य सोडून इतर. नावातच त्याची पायरी ठरलेली आहे. नेमलेले पुस्तक ते मुख्य आणि मुलाने आपल्या मनाने कपाटातून ओढून काढले ते अवांतर! जेवणात ताटातले ते जेवण आणि पोराने झाडावरून पाडलेली कैरी ती अवांतर, असे म्हणण्यासारखेच हे. कैरीची चव कोणाच्या लक्षात राहते हे सांगायला नको.

‘मुले हल्ली वाचत नाहीत’ अशी ओरड सर्वत्र ऐकू येते. या ओरडीत आम्ही सूर मिळवणार नाही. आमच्या कपाटाशी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांची मुले येतात, मुर्धे-राईकडची येतात, इथली मोरव्याची येतात. ती वाचतात. बेताचे वाचतात, निवडून वाचतात, पण वाचतात. आमची तक्रार वेगळी आहे. मूल पुस्तक वाचून उठले की त्याला कोणी काही विचारत नाही. आणि विचारलेच तर पुस्तकात काय होते तेवढेच विचारतात.

हे विचारण्याचा एक ठरलेला साचा आहे. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, प्रकाशक, पृष्ठे, किंमत, थोडक्यात सारांश, आवडलेला प्रसंग, आणि शेवटी ‘या पुस्तकापासून मी काय शिकलो’. हा साचा पाहिला की आम्हांला कारखान्याचे गेट आठवते. पाळी सुटली की गेटवर कामगाराची झडती होते. खिसे चाचपतात, डबा उघडायला लावतात. दिवसभर त्याने काय घडवले हे तिथे कोणी विचारत नाही. आतले काही बाहेर नेले काय, एवढाच प्रश्न असतो. आमचा सारांश म्हणजे वाचकाची गेटवरची झडती आहे. पुस्तक खरोखर वाचलेस ना, ते दाखव! विश्वास नाही म्हणून पुरावा मागायचा. ज्या कामाच्या शेवटी झडती असते ते काम माणूस आवडीने करीत नाही, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ कशाला हवा?

शिवाय पुरावा म्हणून तरी सारांशाची आता काय किंमत राहिली? पूर्वी गाइडांतून उतरवून घेत. आता हातातल्या मोबाईलला सांगितले की कुठल्याही पुस्तकाचा सारांश चहा गाळायच्या आत तयार मिळतो, आणि तो वर्गातल्या हुशार मुलाच्या सारांशापेक्षा नीटनेटका असतो. या यंत्रावर आमचा राग नाही. उलट त्याने एक उपकारच केला. जे काम यंत्र इतक्या सहज करते, ते काम इतकी वर्षे आपण मुलांकडून वाचनाच्या नावाखाली करून घेत होतो, हे त्याने चव्हाट्यावर आणले.

यावर काही सुज्ञ मंडळी म्हणतात, मग काहीच विचारू नका. मुलाला सुखाने वाचू द्या. वाचन ही एकांतातली गोष्ट आहे; तिला चव्हाट्यावर आणू नये. हे म्हणणे ऐकायला गोड आहे आणि अर्धे खरेही आहे. परंतु हे कोण म्हणतो ते पाहावे. ज्याच्या घरी जेवताना पुस्तकांची चर्चा होते, ज्याचा मामा पत्रातून ‘अमुक वाचलेस का’ म्हणून विचारीत असे, ज्याची आई वाचता वाचता मध्येच हसून ‘ऐक हं’ म्हणते, त्याला शाळेने काही विचारले नाही तरी चालते. त्याचे वाचन घरीच बोलते होते. आमच्याकडचे चित्र निराळे. बाप पाळीवर, आई चार घरची कामे करून आलेली, आजीला अक्षर नाही. अशा घरात मूल ‘फास्टर फेणे’ संपवते, डोके गरम झालेले असते, आणि सांगायला माणूस नाही. ते दोनदा-तीनदा असे होते आणि मग मूल पुस्तक घेणे सोडते. आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले आहे. त्याला पुस्तके आवडेनाशी झाली म्हणून त्याने सोडले नाही. एकट्याने बोलायचा त्याला कंटाळा आला. म्हणून, ज्या मुलाच्या घरी पुस्तकाचा सोबती नाही त्याला तो शाळेने, वाचनालयाने, युनियनने, कोणीतरी पुरवला पाहिजे. आमचे आजचे सारे बोलणे या एका मुलासाठी आहे.

अशा मुलाला पुस्तकावर बोलू दिले तर काय होते याचे एक उदाहरण महाराष्ट्राला अपरिचित नाही, पण या दृष्टीने ते सहसा सांगितले जात नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली जी प्रस्तावना लिहिली, तीत आपल्या शाळकरी वयातली एक हकीगत दिली आहे. परीक्षा पास झाल्याबद्दल लोकांनी सभा भरवली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर, म्हणजे दादा केळुसकर, अध्यक्ष होते. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाला बक्षीस दिले. ते वाचून मुलगा घरी गेला आणि त्याने वडिलांना प्रश्न केला: ज्यांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता पानोपानी सांगितली आहे, ती महाभारत-रामायणे तुम्ही आम्हांला का वाचायला लावता?

रामजींना प्रश्न आवडला नाही. असले खुळे प्रश्न विचारू नकोस, सांगितले तेवढे कर, या अर्थाचे काही बोलून त्यांनी मुलाला गप्प केले. कोणत्याही घरात झाले असते तसेच झाले. परंतु काही दिवसांनी मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. आणि बाबासाहेब लिहितात की या खेपेला वडील उत्तराची तयारी करून बसलेले दिसले. त्यांनी सांगितले, आपण अस्पृश्य म्हणून मनात न्यूनगंड येण्याचा संभव असतो. द्रोण, कर्ण यांच्याकडे पाहा, लहान माणसे किती उंच चढली. आणि वाल्मीकी तर कोळी होता, त्याने रामायण लिहिले. (उत्तन-पालीकडची कोळी मंडळी आज सभेला आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.) मुलाला या उत्तरात तथ्य दिसले, पण त्याचे समाधान झाले नाही.

या हकीगतीत आमचे मन जिथे थांबते ती जागा म्हणजे वडिलांची तयारी. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला कडक माणूस पोराच्या एका प्रश्नासाठी मनातल्या मनात तयारी करतो! पुस्तक वाचून आलेल्या मुलाला यापेक्षा मोठा मान कोणता द्यायचा? आणि मुलाचे समाधान झाले नाही तरी बिघडले नाही. तो प्रश्न घेऊन तो पुढे किती चालला, हे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिसले. त्या दिवशी त्याच्या हातात ‘आवडलेला प्रसंग’ लिहायचा कागद दिला असता तर काय झाले असते, कोण जाणे!

याच्याही आधीचे उदाहरण मुक्ता साळवेचे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्याच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली ही चौदा वर्षांची मुलगी. तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त दोन हप्त्यांत छापून आला. तिच्या वर्गाला शिकूनही फार दिवस झालेले नव्हते. धर्मग्रंथांवर जे हक्क सांगत होते त्यांनाच तिने उलट विचारले की वेद जर केवळ तुमचे, तर आमचा धर्म कोणता? बाळंतपणात उघड्यावर ऊनपाऊस सोसणाऱ्या आपल्या समाजातल्या बायकांचे दुःख तिने त्यात मांडले. ग्रंथांविषयी जे तिच्या कानी आले आणि जे डोळ्यांनी ती पाहत होती, ते दोन्ही तिने शेजारी शेजारी ठेवले. मुलाने वाचलेल्या गोष्टीला उत्तर द्यायचे म्हणजे काय करायचे, याची याहून सोपी रीत आम्हांला सापडलेली नाही: पुस्तकातले आणि घरातले शेजारी शेजारी ठेवायचे. फुल्यांच्याच शाळेतल्या एका मुलीने बक्षिसाच्या वेळी आम्हांला खाऊ नको, ग्रंथालय द्या असे मागितल्याचीही हकीगत सांगतात. मागणी कशी करावी हे त्या मुलींना आमच्यापेक्षा चांगले कळत होते, असे म्हणावे लागेल.

कामगारांच्या दुनियेतला एक मासलाही सांगावासा वाटतो. क्यूबा देशात हवाना शहरी चिरूट वळण्याचे कारखाने होते. तिथे १८६५ पासून एक चाल पडली. कामगार ओळीने बसून चिरूट वळीत आणि एक जण उंच जागी बसून त्यांना मोठ्याने वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवी. वाचणाऱ्याचा पगार मालक देत नसे. कामगार आपसांत वर्गणी काढून देत. कोणते पुस्तक वाचायचे हेही तेच मतांनी ठरवीत. दुसऱ्याच वर्षी सरकारने बंदी घातली, पण चाल मेली नाही. वाचन आवडले की हे कामगार आपल्या हातातल्या पाती टेबलावर आपटून दाद देत. शेकडो पात्यांचा तो आवाज कसा होत असेल! द्यूमाची ‘काउंट ऑफ मॉन्टेक्रिस्टो’ त्यांना इतकी आवडली की पुढे चिरुटाच्या एका जातीलाच ‘मॉन्टेक्रिस्टो’ नाव पडले. आपल्याकडे केरळात विडीकामगारांनी हीच रीत चालवली. एक जण वाचायचा आणि त्याच्या वाटच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. पाते आपटणे किंवा चिरुटाला नाव देणे यात सारांश कुठे आला? तरी त्या कामगारांनी पुस्तक वाचले नाही असे कोण म्हणेल? हातात जे हत्यार होते त्याने त्यांनी उत्तर दिले.

आता मुलांच्या हातात कोणती हत्यारे आहेत ते पाहू.

पहिले हत्यार या गावाने स्वतःच आम्हांला दिले. २०२१-२२ च्या सुमारास मेट्रोची कारशेड राई-मुर्धे-मोरवा या पट्ट्यात आणण्याचा बेत होता. गावकऱ्यांनी त्याला हरकती घेतल्या, आणि पुढे ती डोंगरीकडे हलवायचे ठरले. तिथल्या लोकांचे त्यावर म्हणणे काय, हा आजचा विषय नाही. परंतु त्या दिवसांत घरोघर ‘हरकत’ हा शब्द मुलांच्या तोंडी झाला. सरकारी कागद यायचा, मोठी माणसे तो पुन्हा पुन्हा वाचायची, त्यातली चूक शोधायची आणि अर्ज लिहायची. मुलांनी पाहिले की छापलेल्या मजकुराला उत्तर देता येते! आम्ही ते उचलले. कपाटाशी एक जाड वही ठेवली आणि तिच्यावर लिहिले: ‘हरकती व सूचना’. पुस्तक परत करताना वाटले तर एक हरकत किंवा एक सूचना लिहावी. लेखकाविरुद्ध, पात्राविरुद्ध, चित्रकाराविरुद्ध, कोणाविरुद्धही. मात्र पान क्रमांक द्यावा. आमच्या धंद्यात पुराव्यावाचून तक्रार चालत नाही.

काय काय हरकती आल्या! ‘गोट्या’ इतका चांगला का वागतो, ही एक. एका चित्रात होडीचे शीड वाऱ्याच्या उलट दिशेला फुगलेले आहे, ही दुसरी. अर्थात ती उत्तनच्या मुलाची. भुताच्या गोष्टीत भूत शेवटी माणूस निघते ही लेखकाने वाचकाची केलेली फसवणूक आहे, ही तिसरी, आणि तिच्याखाली चौघांच्या सह्या. पान क्रमांकाच्या अटीने एक गंमत झाली. हरकत घ्यायची म्हणून मुले पुन्हा पुस्तक उघडू लागली. सारांश लिहिताना पुस्तक एकदा वाचले तरी पुष्कळ. भांडायचे असेल तर दोनदा वाचावे लागते. ही वही दोरीने बांधलेली आहे. पेन्सिलही बांधली होती, ती पहिल्याच आठवड्यात गेली.

दुसरी युक्ती हजेरीची. गोष्टीतल्या सगळ्या माणसांचे हजेरीपुस्तक करायचे: नाव, काम, कामाचे तास, मजुरी. राजाच्या गोष्टीत हे करून पाहा. राजा, राणी, प्रधान यांच्यापुढे कामाच्या रकान्यात काय लिहावे हे मुलांना सुचत नाही, आणि मग ती विचारू लागतात की स्वयंपाक कोण करतो, घोडे कोण धुतो. त्यांची नावे पुस्तकात नसतात. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यातली श्यामच्या घरी कांडायला येणारी मथुरी आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. ती आजारी पडते. गुरुजींनी तिला नाव दिले, तिच्यावर एक रात्र खर्च केली, ही त्यांची थोरवी. आमच्याकडच्या सातवीतल्या एका मुलीने तोच प्रसंग मथुरीच्या तोंडून लिहिला. तिची आई घरकाम करते. तिच्या मथुरीला तापात सगळ्यांत मोठी काळजी ही की आपल्या जागी उद्या दुसरी बाई लागली तर? श्यामच्या आईवर तिने कुठेही राग काढलेला नाही. आई चांगलीच आहे. पण काळजी ती काळजी. ती वही आम्ही पुष्कळांना वाचून दाखवली. कोणी म्हणाले, हे पुस्तकात नाही. नाहीच! म्हणून तर लिहिले.

या दोन्ही रीती एकत्र आल्या तो प्रसंग जरा सविस्तर सांगतो. मिठाच्या सत्याग्रहावरची एक लहान पुस्तिका इथल्या एका मुलीने नेली. तिचा आजा मिठागरावर काम केलेला. तिने वाचले की १९३० साली मे-जूनमध्ये वडाळ्याच्या मिठागरांवर हजारो लोकांनी धाव घेतली, लाठ्या खाल्ल्या आणि मुठी मुठी मीठ उचलून आणले. वहीत तिने हरकत लिहिली: हे मीठ तिथे कोणी केले होते? त्यांची नावे नाहीत. त्या दिवशी त्यांचा रोज बुडाला काय?

बंधु-भगिनींनो, आम्ही कामगार चळवळीचा इतिहास पुष्कळ चाळला आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांपासून १९८२ च्या गिरणीसंपापर्यंत तारखा आम्हांला तोंडपाठ आहेत. पण त्या सत्याग्रहाच्या दिवशी मिठागरावरच्या मजुराचा रोज काय झाला, हा प्रश्न कोणत्याही सभेत आमच्या कानी आला नव्हता. तो तेरा वर्षांच्या मुलीने विचारला, कारण मीठ आपोआप होत नाही हे तिला घरातूनच ठाऊक होते.

पुस्तिकेत उत्तर नव्हते. शिक्षक म्हणाले, आजोबांना विचार. आजोबा त्या सालानंतर जन्मलेले. त्यांना वडाळ्याचे काय माहीत असणार? पण त्यांनी नातीला दुसरेच सांगितले. उधाणाचे पाणी आत कसे घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात कसे सोडायचे, तळाचा चिखल पायांनी तुडवून कसा घट्ट करायचा, मीठ धरू लागले की ते ओढून ढीग कसा घालायचा, पायांच्या भेगांत मीठ गेले की काय होते, आणि पहिल्या पावसाआधी किती घाई उडते. मुलीने ते दोन पाने लिहून घेतले. पुढे तिने त्या मिठागराचा नकाशाही काढला. खाडी कुठे, बांध कुठे, झोपडी कुठे. आता ती जागा पाहायला गेलात तर नकाशातले निम्मे सापडत नाही. पुस्तिका सत्याग्रहावरची, आणि उत्तर आले आज्याच्या पायांबद्दल. हे विषयांतर झाले असे एखादा परीक्षक म्हणेल. आम्ही म्हणतो, ती मुलगी पुस्तिका जितकी वाचू शकली तितकी आम्हां कोणालाच वाचता आली नाही.

बोलीचाही एक मुद्दा आहे. पुस्तके प्रमाण मराठीत, आणि घरात आगरी. मुलाला गोष्ट सांगायला उभे केले की ते अडखळते, कारण ते पुस्तकाची भाषा सांभाळत असते. त्याला म्हणावे, हीच गोष्ट आजीला सांगितलीस तशी सांग. ‘पाणी’चे ‘पानी’ झाले की गोष्ट वाहू लागते! लग्नांत धवलारीण धवले गाते ती चाल मुलींच्या कानात पक्की असते. एकीने एका गोष्टीतल्या मुलीचे लग्न त्या चालीवर लावून दिले आणि तिच्या आजीने त्यात तीन ठिकाणी दुरुस्ती सुचवली. आजीला अक्षर येत नाही हे मघाशी सांगितले. पुस्तकावर मत देणारी ती घरातली पहिलीच. तमाशातले सवाल-जबाबही असेच कामाला येतात, दोन मुलांनी एकच पुस्तक वाचले असेल तर. कीर्तनाची चालही चालेल. चित्र, नाट्य, पत्र यांविषयी शिक्षकमंडळी आमच्याहून जास्त जाणतात, म्हणून त्यांवर वेळ घेत नाही. एवढेच सांगतो की पात्राला पत्र लिहायला लावले तर ते पत्र कोणाच्या तरी हाती पडले पाहिजे. दुसऱ्या मुलाने पात्र होऊन त्याला उत्तर पाठवावे. टपालात न पडणारी पत्रे लिहिण्याचा मुलांना लवकर कंटाळा येतो. मोठ्यांनाही येतो, आम्ही कामगार आयुक्तांच्या कचेरीला पत्रे लिहिणारे, आम्हांला विचारा.

इथे साने गुरुजींचे आणखी एक काम आठवते. १९२० नंतरच्या दशकात ते अमळनेरला शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळीत. तिथे ते मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतःच्या हाताने लिहीत. दिवसभर शिकवायचे, मुलांचे हवे-नको पाहायचे आणि दैनिकही लिहायचे! पुढे १९२८ साली त्यांचे ‘विद्यार्थी’ मासिक निघाले. मुलांकडून लिहून घेण्याआधी गुरुजींनी मुलांसाठी लिहिले, यातली मेख आजच्या शाळांनी पाहावी. ज्या शाळेत गुरुजी आणि बाई स्वतः या महिन्यात कोणते पुस्तक वाचले आणि त्यावर आपली हरकत काय, हे भिंतीवर लावीत नाहीत, त्या शाळेने मुलांकडून ते मागू नये. भित्तिपत्रकाला खर्च येत नाही. चार कागद, खळ आणि कोणाचे तरी बरे अक्षर, एवढ्यावर आम्ही मोठमोठे संप चालवले आहेत.

आता काही अटी, कारण अटींवाचून आमचा करार होत नाही. मुलाने दिलेल्या उत्तराला गुण देऊ नयेत. गुण आले की झडती परत आली. बक्षिसेही नकोत, पुस्तक हेच बक्षीस असू शकते, केळुसकरांनी दिले तसे. आणि तिसरी अट सर्वांत महत्त्वाची: गप्प राहण्याचा हक्क. एखाद्या मुलाने पुस्तक परत केले आणि वहीकडे पाहिलेही नाही, तर त्याला हटकू नये. काही पुस्तके आत उतरायला वेळ घेतात. नाही तर ज्याला आम्ही ‘सर्जनशील प्रतिसाद’ म्हणून मिरवू, तो मुलांच्या लेखी बिनपगारी ओव्हरटाइमच ठरेल. तसे होताना आम्ही पाहिले आहे. दर पुस्तकामागे एक रंगीत तक्ता, एक मुखवटा, एक पुठ्ठ्याचा किल्ला. आणि रात्री अकराला आई तो किल्ला चिकटवीत बसलेली. त्या मुलाने मुद्दाम सर्वांत पातळ पुस्तक निवडले यात त्याचा काय दोष?

सरकारचे म्हणाल तर २०१५ पासून १५ ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस, ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळांत उत्साह असतो. १६ ऑक्टोबरला कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे आम्ही दरवर्षी विचारतो. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्या राज्यात १९६७ साली झाला. ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले, अनुदाने ठरली. चांगले झाले. पण मूल शाळेतून सुटते तेव्हा पुष्कळ वाचनालये बंद असतात, आणि उघडतात तेव्हा मुलाची शिकवणी असते. या वेळा जुळवायला कायदा लागत नाही, एक बैठक पुरते. ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात. तेव्हा पुस्तके नाहीत ही सबबही पुरती टिकत नाही. उणीव आहे ती ऐकणाऱ्यांची. आठवड्यातून एक तास, एका बाकावर, एका मोठ्या माणसाने बसायचे आणि मुलाने काही सांगितले तर ऐकायचे. निवृत्त मंडळी आज सभेत बरीच दिसतात. अक्षरओळख नसली तरी चालेल. मघाच्या आजीचे उदाहरण डोळ्यांपुढे आहेच. तयारी मात्र रामजी सकपाळांइतकी हवी: आज उत्तर आले नाही, तर पुढच्या रविवारी तयार होऊन यायचे.

आमची वही सोबत आणली आहे. ती दाराशी टेबलावर आहे, ज्यांना पाहायची त्यांनी जाताना पाहावी. पाने कृपया मोडू नयेत. अध्यक्षांनी शेवटी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे. पहिल्या दोन रांगांत मुले बसली आहेत आणि मघापासून त्यांच्यात काही कुजबुज चालू आहे. तेव्हा हरकती आधी त्यांच्या घ्याव्यात, मोठ्यांच्या मागाहून, एवढी विनंती अध्यक्षमहाराजांना करून आम्ही खाली बसतो.